घरचा संगणक आणि मंडळाची यादी

गणेशोत्सवाच्या निमंत्रणाचे रूप घेऊन मंडळाच्या नावाने फिरलेल्या बनावट ईमेलनंतर, सभासदांना यापुढे फाइल जोडून न पाठवता सर्व सूचना ईमेलच्या मजकुरातच देण्याचा जो निर्णय कार्यकारिणीने घेतला, त्यावर महिनाभर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले आहे. कार्यक्रमपत्रिका छापून ठेवण्याची सोय गेली, ही ज्येष्ठ सभासदांची तक्रार रास्त आहे. तसेच या निर्णयामागे कोणत्याही कुटुंबावर ठपका ठेवण्याचा हेतू नव्हता, हेही येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

मालवेअर, म्हणजे संगणकाची हानी करण्यासाठी किंवा त्यातील माहिती चोरण्यासाठी लिहिलेली आज्ञावली, एका घरात शिरली की त्या घरापुरती राहतेच असे नाही. ४ मे २००० रोजी पसरू लागलेले ‘आय लव्ह यू’ हे मालवेअर आउटलुकमधील पत्त्यांच्या यादीतील सर्वांना स्वतःची प्रत पाठवत असे; पत्र ओळखीच्या माणसाचे असे आणि फाइलच्या नावाचा अखेरचा भाग विंडोज लपवत असल्याने ती साध्या मजकुराची वाटे, म्हणून लोकांनी ती निःशंकपणे उघडली. मंडळाची यादी अशाच ओळखीवर उभी असल्याने, जोडलेली फाइल मंडळाची नव्हेच हे सभासदांना पाहताक्षणी कळावे, एवढाच या निर्णयाचा उद्देश आहे.

परंतु आधीच शिरलेले मालवेअर अशा निर्णयाने निघत नाही, आणि म्हणूनच संगणक-तपासणीचे शिबिर ठेवले होते. शाळांच्या सुटीतली तारीख अनेकांना गैरसोयीची झाली हे मान्य करूनही, नाटकाला सभागृह भरवणाऱ्या समाजाची तेथील तुरळक उपस्थिती खेदजनक होती, असे म्हणावेच लागते.

जे येऊ शकले नाहीत, त्यांनी घरीच तपासणी करावी. विंडोज १० व ११ मध्ये डिफेंडर हे संरक्षक सॉफ्टवेअर मुळातच असते; त्यातील ‘क्विक स्कॅन’ मालवेअर दडण्याच्या नेहमीच्या जागा पाहते, तर ‘फुल स्कॅन’ सर्व फाइली तपासते व त्यास काही तास लागू शकतात. चालू विंडोजपासून लपणाऱ्या मालवेअरसाठी ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, जे संगणक पुन्हा सुरू करून विंडोज चालू होण्यापूर्वीच, साधारण १५ मिनिटांत, तपासणी करते. संशयित फाइल प्रथम ‘क्वारंटाइन’मध्ये, म्हणजे ती चालू शकणार नाही अशा बंदिस्त जागी ठेवली जाते, आणि ती कामाची नाही याची खात्री झाल्यावर कायमची काढावी. त्यानंतर ईमेलचा व बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक उपकरणावरून बदलावा, कारण बाधित संगणकावर टाइप केलेला नवा पासवर्डही चोरीस जाऊ शकतो. पडद्यावर अचानक झळकणाऱ्या इशाऱ्यातील दूरध्वनी क्रमांकावर मात्र कधीही संपर्क साधू नये. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, ते वापरणाऱ्यांनी पुढील सोय लवकर पाहावी.

शिबिर पुन्हा भरवले जाईल; सभासदांनी लॅपटॉप चार्जरसह आणावेत आणि भारतातून आलेल्या आईवडिलांनाही सोबत आणावे. ज्यांना छापील कार्यक्रमपत्रिका हवी असेल, त्यांनी सचिवांकडे नाव नोंदवावे. ती टपालाने घरपोच पाठवली जाईल.