बूच उघडण्याचे पंधरा डॉलर

क्रूझवरचे दारूचे नियम दारुड्यांना आवरायला केलेले आहेत, असं आपण समजतो. नीट वाचले तर उलटंच दिसतं. पिणाऱ्याला हे नियम पायघड्या घालतात. त्यांना खुपतो तो रात्री जेवताना एखादा ग्लास वाइन घेणारा, आणि तीही घरून आणलेली.

कार्निव्हलचं उदाहरण घ्या. २१ वर्षांवरच्या प्रवाशाला ७५० मिलीची एक बाटली वाइन नेता येते. फक्त पहिल्या दिवशी चढताना आणि फक्त हातातल्या सामानात. ती डायनिंग रूममध्ये उघडून घेतली की पंधरा डॉलर कॉर्केज. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका म्हणतात, पहिली बाटली खोलीत प्यायलात तर फुकट, टेबलावर आणलीत तर पैसे. पंधरा डॉलर म्हणजे आपले बाराशे-तेराशे रुपये. तेवढ्यात नाशिकची एक बरी बाटली येते. गंमत म्हणजे नाशिकच्या बऱ्याचशा वाइनना बूच नसतंच, फिरकीचं झाकण असतं. लहान मूलही उघडेल असं झाकण, आणि शुल्क मात्र बूच काढण्याचं.

हे पैसे सेवेचे, असं सांगितलं जातं. ग्लास आणायचे, बाटली उघडायची, ओतायची, ग्लास धुवायचे. हॉटेलात हे मी मान्य करेन. मेलबर्नमध्ये कितीतरी हॉटेलांत लोक आपली बाटली घेऊन जातात, थोडं कॉर्केज देतात आणि दोन्ही बाजू खूश असतात. पण बहुतेक मोठ्या क्रूझवर टेबलाची सेवा तुम्ही आधीच विकत घेतलेली असते. माणशी रोज पंधरा-वीस डॉलर टिपेच्या नावाने खात्यातून आपोआप कापले जातात. मग तोच ग्लास दुसऱ्यांदा कशाला विकायचा?

नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर सेवेचा हा मुखवटाही ठेवलेला नाही. तिथे वाइनच्या बाटल्या हव्या तितक्या न्या, पण प्रत्येक बाटलीमागे पंधरा डॉलर भरा, मग ती तुम्ही स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या हाताने, दात घासायच्या पेल्यात ओतून का पिईनात! निदान प्रामाणिकपणा आहे. आमच्याकडून घेतली नाहीस ना, मग भर दंड.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. भर समुद्रात दारू पिऊन कुणी कठड्यावरून पडलं तर? प्रश्न खरा आहे आणि त्याची थट्टा करायचं कारण नाही. लोकही काही कमी नाहीत. शाम्पूच्या बाटलीतून रम काय नेतात, त्यासाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या थैल्या काय विकत घेतात. पाण्याच्या बाटल्यांतून व्होडका जाऊ लागली तेव्हा कार्निव्हलने २०१५ साली बाहेरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांवरच बंदी घातली.

पण हीच कंपनी दारूचं जे पॅकेज विकते, त्याची मर्यादा आहे २४ तासांत १५ पेयं. वाइनच्या हिशेबात बाटलीचे पाच ग्लास, म्हणजे दिवसाला तीन बाटल्या. दिवसाला तीन बाटल्या त्यांच्याकडून घेतल्या तर तुम्ही सन्माननीय पाहुणे, आणि अख्ख्या सफरीत घरची दुसरी बाटली आणली तर ती एक्स-रे मशीनपाशी जप्त. हा हिशेब सुरक्षिततेचा नाही.

पॅकेजची आणखी एक अट आहे. अनेक कंपन्यांत खोलीतल्या एका प्रौढाने ते घेतलं की त्याच खोलीतल्या बाकीच्या प्रौढांनाही घ्यावं लागतं. नवरा पितो, बायको पीत नाही (किंवा उलट), तरी पैसे दोघांचे. ज्यांना रोज पाच-सहा ग्लास नको आहेत, सूर्य मावळताना एकेकच हवा आहे, त्यांच्यासाठी घरून आणलेली बाटली हा शहाणा मार्ग होता. दोघांत एक बाटली, दोन संध्याकाळी पुरते. नेमक्या याच मार्गावर टोलनाका आहे. आपल्याकडे ‘वाइन शॉप’च्या पाटीखाली रम-व्हिस्कीचीच गर्दी असते, म्हणून ‘वाइनवाला काय आणि दारुडा काय’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे. क्रूझ कंपन्यांना दोघांतला फरक चांगला कळतो. एकाकडून पैसा मिळतो, दुसऱ्याकडून मिळत नाही. तिकिटाबाहेरची विक्री हा या धंद्याचा कोपऱ्यातला भाग नाही. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीच्या उत्पन्नात तिचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास असतो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो बंदरांतल्या प्रकाराचा. बोट ग्रीसमध्ये सान्तोरिनीला थांबते. कंपनीच तुम्हाला द्राक्षमळ्यांची सहल विकते. ज्वालामुखीच्या राखेत, वाऱ्यापासून वाचाव्यात म्हणून टोपलीसारख्या गोल वळवून जमिनीलगत वाढवलेल्या वेली तुम्ही बघता. त्यांची असिर्तिको नावाची पांढरी वाइन चाखता, आवडते, एक बाटली घेता. संध्याकाळी बोटीवर परतता तेव्हा बहुतेक कंपन्यांत ती तुमच्याकडून काढून घेतात, पावती देतात आणि शेवटच्या दिवशी परत करतात. समोर तीच कडा, ताटात मासा, आणि त्या मातीतली वाइन खाली कोठारात कुलूपबंद! चव घ्यायला जगभर फिरवणारी बोट चवच दारात अडवते. डिस्नेची बोट मात्र प्रत्येक बंदरात प्रौढाला वाइनच्या दोन बाटल्या वर आणू देते. मुलांच्या कार्टूनवाल्या कंपनीला जे जमतं, ते इतरांना जमू नये?

‘पटत नसेल तर जाऊ नका,’ हे उत्तर ठरलेलंच. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या वेळीही आपण ते ऐकलं. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाच्या मालकाला बाहेरचे पदार्थ अडवण्याचा हक्क आहे असं सांगितलं, पण पिण्याचं पाणी मोफत द्या असंही बजावलं. कायदा म्हणून ठीक. पण सिनेमा तीन तासांत संपतो आणि बाहेर वडापावची गाडी असते. समुद्रात सात रात्री काढणाऱ्याला बाहेर पडायला दार नाही. जिथे दुसरं दुकानच नाही, तिथे दुकानदाराने जरा भीड बाळगावी की नाही? कोकणबोटीच्या डेकवर आपली माणसं भाकरी-चटणीची शिदोरी सोडून बसायची. तिच्यावर कुणी फडकं सोडण्याचं शुल्क लावलं नव्हतं.

कुणी म्हणेल, या पैशांवर वेटरचं पोट आहे. हा मुद्दा मला सहज झटकता येत नाही. या बोटींवर आपलीही पुष्कळ मुलं असतात. गोव्यात तर बोटीवर जाणाऱ्यासाठी ‘तारवटी’ हा शब्दच आहे, आणि त्या कमाईवर कित्येक घरं उभी राहिलीत. पण वेटरचं पोट भरायचं तर त्याचा पगार वाढवा आणि तिकिटात तसं लिहा. त्याला पुढे करून माझ्याकडून दंड वसूल करायचा आणि मी कुरकुरलो की मीच कंजूष ठरायचं, हे चालणार नाही.

वाइकिंगच्या बोटींवर बाहेरची वाइन नेता येते आणि कॉर्केज लागत नाही. त्यांचं तिकीट महाग आहे, जेवणासोबतची साधी वाइन त्यातच धरलेली आहे, आणि तिथे अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, हे खरं. पण त्या बोटी बुडाल्या नाहीत, प्रवासी कठड्यावरून पडत सुटले नाहीत आणि कंपनी भिकेला लागली नाही. इतरांकडे मागणी त्याहून लहान आहे: माणशी एक बाटली, जेवणाच्या टेबलावर, शुल्काविना. बंदरात घेतलेली वाइन त्याच संध्याकाळी आमच्या ग्लासात. ग्लास फुटला, तर त्याचे पैसे जरूर लावा.