इंटरनेट बंद करण्याचा आदेश निघाला की गल्लीतला ब्रॉडबँडवाला नेमकं काय करतो?

नोव्हेंबर २०२१. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ अमरावतीत मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला आणि शहरात हिंसाचार उसळला. १३ तारखेला संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झालं. दीड वर्षानं, १३ मे २०२३ च्या रात्री, अकोल्याच्या जुन्या शहरात इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून दोन गट भिडले. एकाचा जीव गेला. तिथंही जमावबंदीपाठोपाठ इंटरनेट बंद करण्यात आलं.

अशा वेळी चर्चा होते ती अफवा थांबल्या की नाही याची. पण आदेश प्रत्यक्षात आणायचा असतो तो इंटरनेट कंपन्यांना. त्यात मोठ्या मोबाइल कंपन्यांबरोबर वऱ्हाडातल्या गल्लीबोळांत फायबर ओढणारे छोटे ब्रॉडबँडवालेही येतात. त्यांच्या वाट्याला काय येतं?

आदेश कोण देतं?

पूर्वी जिल्हाधिकारी कलम १४४ खालीच इंटरनेट बंद करायचे. २०१७ मध्ये केंद्रानं त्यासाठी वेगळे नियम केले. त्यानुसार राज्यात हा अधिकार गृह सचिवांचा. अगदीच अडचणीच्या प्रसंगी सहसचिव दर्जाचा अधिकारी आदेश देऊ शकतो, पण २४ तासांत त्याला वरून मंजुरी लागते. २०२० पासून एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा आहे.

१० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, असे आदेश प्रसिद्ध करावे लागतील आणि बंदी गरजेपुरतीच असावी लागेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी कारण आणि नेमका भाग आदेशात लिहिणं बंधनकारक केलं.

कागदावर हे नीट आहे. खरी अडचण ‘नेमका भाग’ या दोन शब्दांत आहे.

एवढाच भाग बंद करता येतो का?

मोबाइलचं नेट टॉवरनुसार बंद होतं आणि टॉवरची रेंज पोलीस ठाण्याची हद्द पाळत नाही. त्यामुळे दंगल एका भागात आणि नेट बंद सगळ्या शहरात, असं होतं.

वायरच्या ब्रॉडबँडचं गणित वेगळं. ऑपरेटरच्या खोलीत ‘ओएलटी’ नावाचं यंत्र असतं. त्याच्या एका पोर्टवरून निघालेली फायबर पुढे फाटे फुटून साधारण ३२ किंवा ६४ घरांत जाते. कोणतं घर कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद चोख असेल, तर अकोल्यात मोर्णेच्या एका काठावरची घरं बंद ठेवून दुसरा काठ सुरू ठेवता येईल. पण वर्षानुवर्षं खांबावरून खांबावर वाढत गेलेल्या जाळ्याचा असा नकाशा प्रत्येकाकडे असतोच असं नाही. मग सोपा मार्ग म्हणजे सगळंच बंद. त्याच पोर्टवर दवाखाना, बँकेची शाखा किंवा पोलिसांनाच लागणारा सीसीटीव्ही असला, तर तोही जातो.

देशात बऱ्याचदा फक्त मोबाइल डेटा बंद करून ब्रॉडबँड सुरू ठेवलं जातं. तसं झालं की घरून काम करणारे आणि ऑनलाइन परीक्षा देणारे निदान तरतात.

नुकसान कोण सोसतं?

ग्राहकानं महिन्याचे पैसे आधीच भरलेले असतात, म्हणून तो बंद दिवस वाढवून मागतो. ऑपरेटरनं मात्र वरच्या कंपनीकडून बँडविड्थ ठरावीक एमबीपीएसच्या भाड्यानं घेतलेली असते. वापर शून्य झाला तरी बिल तेच. बंदच्या २०१७ च्या नियमांत भरपाईची तरतूद नव्हती.

त्यात परवान्याचा बोजा. देशभरासाठी ‘अ’, एका सर्कलसाठी ‘ब’ आणि साधारण जिल्ह्याएवढ्या भागासाठी ‘क’ असे इंटरनेट परवान्याचे वर्ग आहेत. परवाना शुल्काचा ढाचा महसुलाच्या ८ टक्क्यांचा. वायरच्या ब्रॉडबँडला त्यातून सूट द्यावी, अशी शिफारस ट्रायनं ऑगस्ट २०२१ मध्ये केली होती.

मग येतो दुसरा प्रश्न : पोस्ट कुणाची?

दंगल शमली की तपास सुरू होतो. वादग्रस्त पोस्ट कोणत्या आयपी पत्त्यावरून आली, तो ग्राहक कोण, असं पत्र ऑपरेटरकडे येतं. इथं दुसरी तांत्रिक गोची आहे.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-४ चे पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच आहेत. आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच जवळपास आटला. म्हणून छोटे ऑपरेटर एकच पत्ता अनेक घरांत वाटतात. प्रत्येक पत्त्याला सुमारे ६५ हजार पोर्ट क्रमांक असतात. घरटी एक हजार दिले, तर एका पत्त्यामागे साठ-पासष्ट घरं बसतात. पोलिसांच्या पत्रात पत्ता आणि वेळ असेल, पण पोर्ट क्रमांक नसेल, तर ऑपरेटर एवढंच सांगू शकतो : या साठ घरांपैकी कुणीतरी. म्हणजे ५९ निरपराध घरं संशयाच्या यादीत.

या नोंदी ठेवण्याची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये एका वर्षावरून दोन वर्षं करण्यात आली. हजारो ग्राहकांच्या प्रत्येक जोडणीची दोन वर्षांची नोंद म्हणजे सर्व्हर, साठवण आणि ती सांभाळणारा माणूस. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवतही नाही, तालुक्याच्या ऑपरेटरला तो महिन्याच्या हिशेबात दिसतो.

मार्ग आहे का?

आयपीव्ही-६ मध्ये प्रत्येक घराला स्वतःचे पत्ते देता येतात, त्यामुळे साठ घरांचा गोंधळ बराच मिटतो. पण त्यासाठी ग्राहकांच्या घरातले जुने राउटर बदलावे लागतात आणि काही वर्षं दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात.

नेट बंदच्या बाबतीत संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीनं १ डिसेंबर २०२१ ला अहवाल दिला, म्हणजे अमरावतीच्या घटनेनंतर तीन आठवड्यांच्या आत. अशा बंदच्या नोंदीच केंद्राकडे ठेवल्या जात नाहीत, असं समितीला आढळलं. सगळं नेट बंद करण्यापेक्षा ठरावीक सेवा रोखता येतील का ते पाहा, असंही तिनं सुचवलं. तेही सोपं नाही. एखादं ॲप अडवलं की लोक व्हीपीएन लावतात. ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेच्या नोंदीनुसार २०२३ या एका वर्षात भारतात ११६ वेळा इंटरनेट बंद झालं.

त्यामुळे पुढच्या वेळी तुमच्या शहरात नेट बंद झालं, तर तीन गोष्टी पाहा : आदेश प्रसिद्ध झाला आहे का, त्यात कोणता भाग लिहिला आहे, आणि ब्रॉडबँड त्यात आहे की फक्त मोबाइल डेटा. हे विचारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तुम्हाला दिलेला आहे. गल्लीतल्या ब्रॉडबँडवाल्याला मात्र आदेशाचं पालन करण्यावाचून पर्याय नसतो.