अर्धशक्ती आणि हृद्गती : चढणीवरील व्यायामाचे माप

‘अर्धशक्ती व्यायाम करावा’ हे वाक्य मी गेली वीस वर्षे रुग्णपत्रिकेवर लिहीत आलो आहे. एका स्नेही वैद्यांनी तर त्याचा रबरी शिक्काच करून घेतला आहे. शक्ती किती, तिचे अर्ध कोणते आणि ते रुग्णाने ओळखावे कसे, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. मीही सांगत नसे. त्याचा फटका एका रुग्णास बसला, म्हणून हा लेखनप्रपंच.

सेहेचाळीस वर्षांचे हे गृहस्थ व्यवसायाने अभियंता. दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढण्याचा त्यांचा नेम होता. पुढील हिवाळ्यात मित्रांसमवेत गुलमर्गला जाऊन, यंत्राच्या साहाय्याविना स्की लावून डोंगर चढायचा व उतरायचा, असा त्यांचा संकल्प होता. या प्रकारात स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकू देते, पण मागे घसरू देत नाही. टाच मोकळी राहते आणि प्रत्येक पावलाबरोबर बूट व स्की यांचे ओझे पुढे ओढावे लागते. तयारी म्हणून ते गड दर आठवड्यास अधिक वेगाने चढू लागले. तीन महिन्यांत उत्साह वाढण्याऐवजी झोप उडाली, बुधवारपर्यंत अंग जड राही, आणि सकाळी अंथरुणातील नाडी ६२ वरून ७४ वर गेली. मी श्रमजन्य वातवृद्धी असे निदान करून अश्वगंधा, च्यवनप्राश व अभ्यंग योजले आणि ‘व्यायाम अर्धशक्ती ठेवा’ असे सांगितले. ‘अर्ध्याच शक्तीने चढतो, वैद्यराज,’ असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. दोन महिने औषध चालले. गुण आला नाही.

उलगडा झाला तो त्यांच्या मुलाने आणून दिलेल्या छातीच्या पट्ट्यामुळे. पायथ्यापासून पुणे दरवाज्यापर्यंत त्यांची हृद्गती सातत्याने १६० च्या वर होती. त्यांना जी अर्धी शक्ती वाटत होती, ती वस्तुतः जवळजवळ पूर्ण होती.

चढणीचा हाच कपटी स्वभाव आहे. सपाटीवर चालताना वेग वाढवला तरच हृदयावर भार येतो. चढावर मात्र प्रत्येक पावलाला स्वतःचे सारे वजन वर उचलावे लागते, त्यामुळे वेग न वाढवताही नाडी एक-दोन मिनिटांत उसळते. पाश्चात्त्य प्रशिक्षणशास्त्राने या प्रश्नाचा चांगला विचार केला आहे. स्टीव्ह हाउस, स्कॉट जॉन्स्टन व किलियन जॉर्नेट यांनी गिर्यारोहक, डोंगरधावक व स्कीपटूंसाठी लिहिलेल्या २०१९ च्या ग्रंथाचा मुख्य आग्रह असा, की प्रशिक्षणाचा बहुतांश काळ ‘एरोबिक थ्रेशोल्ड’च्या खाली घालवावा. या मर्यादेखाली स्नायू मुख्यतः स्नेहाचे, म्हणजे चरबीचे, ज्वलन करून प्राणवायूच्या आधारे काम करतात. दीर्घकाळ टिकणारे मंद स्नायुतंतू, सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रे यांची वाढ याच संथ श्रमाने होते. त्यांच्या पद्धतीत दुसऱ्या झोनची वरची कड म्हणजे हा थ्रेशोल्ड. पुढे लॅक्टेट साचू लागेपर्यंतचा टप्पा तिसरा झोन. या दोन मर्यादांच्या हृद्गतींत दहा टक्क्यांहून अधिक अंतर असेल तर पाया कच्चा समजावा आणि वेगाचा सराव बाजूला ठेवावा, असे ते सांगतात.

झोन ठरवायचे कसे? बाजारातील घड्याळे २२० मधून वय वजा करतात. हे सूत्र १९७१ च्या सुमारास फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध आकड्यांवरून अंदाजाने काढले. व्यक्तिव्यक्तींत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ मध्ये तानाका व सहकाऱ्यांनी २०८ मधून वयाचे ०.७ पट वजा करावे असे सुधारित सूत्र दिले, पण तेही सरासरीच. म्हणून या मंडळींनी सांगितलेली एक साधी कसोटी मला महत्त्वाची वाटते : तोंड मिटून, केवळ नाकाने श्वास घेत जितक्या वेगाने चढता येईल, तितकाच वेग ठेवावा.

येथे कोणाही वैद्यास सुश्रुतांचे चिकित्सास्थान आठवेल. व्यायाम करताना हृदयस्थित वायू मुखाशी येऊ लागला, की ते बलार्धाचे लक्षण, असे तेथे म्हटले आहे. ललाट, नासा, कक्षा व संधी यांवरील स्वेद आणि मुखशोष ही लक्षणे टीकाकारांनी दिली आहेत. म्हणून ‘आमच्याकडे हे सारे आधीच होते’ असे म्हणून टाळ्या मिळवणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. लक्षण आपल्याकडे होते, पण त्याच्याशी पडताळून एकाही रुग्णाची नाडी आपण मोजली नाही. नाडीवर बोटे ठेवणारे आपण, ठोके मात्र क्वचितच मोजतो. उलट एका व्याख्यानात मी अर्धशक्ती म्हणजे ‘कमाल हृद्गतीच्या निम्मे’ असा अर्थ ऐकला. या हिशोबाने सेहेचाळिशीच्या माणसाने ८७ ठोक्यांवर थांबावे. तेवढे तर मंडईत भाजी घेतानाही होतात.

स्वेदाचे लक्षणही देशकाल पाहूनच घ्यावे लागते. आश्विनात घाटमाथ्यावर पाचव्या मिनिटाला कपाळ भिजते, तर गुलमर्गच्या थंडीत श्रम पुष्कळ होऊनही भिजत नाही. श्वासाचे लक्षण अधिक विश्वसनीय. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम शीतकाल व वसंत यांपुरताच सांगून अन्य ऋतूंत त्याहून मंद सांगितला, याचे मर्मही घड्याळ दाखवते. माझ्या स्वतःच्या नोंदींत त्याच वाटेवर, त्याच वेगाने, पौषापेक्षा वैशाखात नाडी बारा-पंधरा ठोके अधिक असते.

केवळ आकड्यावरही विसंबू नये. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी औषधे चालू असलेल्या रुग्णाची हृद्गती दाबलेली असते. घड्याळ १०५ दाखवते आणि रुग्ण निर्धास्त होऊन धापा टाकतो. तेथे श्वासाचीच कसोटी लावावी. चढावर छातीत दाटणे, डावा हात वा जबडा दुखणे, चक्कर येणे यांपैकी काही असल्यास, किंवा चाळिशीपुढील मधुमेही प्रथमच गड चढू इच्छित असल्यास, अर्जुनारिष्ट लिहिण्यापूर्वी हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे. यात कमीपणा कसला?

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. ‘स्टॅमिना’साठी डबी मागणारा गिर्यारोहक समोर आला, की ती देण्याआधी तो चढतो कसा, हे विचारावे. अतिश्रमाने आलेली ग्लानी रसायनाने झाकता येते, बरी होत नाही. तो स्पर्धक असेल तर कुपीलू व सोम असलेले कल्प देऊच नयेत. त्यांतील स्ट्रिक्नीन आणि इफेड्रिन ही द्रव्ये उत्तेजकविरोधी जागतिक यादीत आहेत, इफेड्रिन ठराविक प्रमाणापलीकडे.

आमच्या अभियंत्यांची मर्यादा नासाश्वासाच्या कसोटीवर १३० च्या आसपास निघाली. त्या गतीने प्रथम गड चढायला त्यांना एक तास पन्नास मिनिटे लागली. शाळकरी मुले पुढे गेली, ताकवाल्या मावशींनी ‘बरं नाही का?’ म्हणून विचारले. लाज वाटली, पण त्यांनी नेम सोडला नाही. चार महिन्यांनी त्याच १३० ठोक्यांवर एक तास वीस मिनिटांत ते वर पोहोचले, आणि सकाळची नाडी ६० वर आली. औषधे मी दुसऱ्याच महिन्यात बंद केली होती. गुलमर्गला उंचीमुळे तोच वेग त्यांना बारा ठोके महाग पडला, तेव्हा तेथे ते आणखी सावकाश चढले.

सध्या मी शनिवारी सकाळी होतकरू गिर्यारोहक रुग्णांना पर्वतीच्या पायथ्याशी बोलावतो. ते तोंड मिटून १०३ पायऱ्या दोनदा चढतात आणि वर पोहोचताच मी पंधरा सेकंद नाडी मोजून, श्वास व स्वेदासह नोंद करतो. आतापर्यंत अकरा रुग्ण झाले. अनुमानास ही संख्या पुरेशी नाही. ज्या वैद्यबंधू-भगिनींच्या गावी टेकडी, गड किंवा देवळाच्या पायऱ्या आहेत, त्यांनी अशाच नोंदी ठेवून संपादकांकडे पाठवल्यास पुढील अंकासाठी त्या एकत्र मांडण्याचे काम मी आनंदाने करीन.