जुन्या मोटारी आणि मालकीचा पुरावा

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या खासगी मोटारी व दुचाक्या यांना ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र दर्जा दिला. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, फेरनोंदणीस पाच हजार, दहा वर्षांची मुदत व ‘व्हीए’ अक्षरांची पाटी अशी ही व्यवस्था आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, फेरी, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. हेतू स्तुत्य आहे. मात्र भारतात पूर्वी नोंदलेल्या गाडीच्या अर्जासोबत जुनी नोंदणीपुस्तिका जोडावी लागते, आणि खरी अडचण नेमकी तेथेच सुरू होते.

परवाना-राज्याच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच हातची गाडी चढ्या भावाने विकली जाई. कोऱ्या हस्तांतरण-अर्जावर सही घ्यावयाची, स्टॅम्प पेपरवर चार ओळी खरडावयाच्या आणि किल्ली स्वाधीन करावयाची, ही रीत त्या बाजारात रुळली व अजूनही पुरती सुटलेली नाही. गाडी तिसऱ्या-चौथ्या हाती गेली तरी सरकारदप्तरी मालक पहिलाच राहतो. तो दिवंगत झाल्यास वारसाने तीस दिवसांत कळवावे व तीन महिन्यांत नाव बदलून घ्यावे, असे नियम सांगतो. पण वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेल्या मोटारीची आठवण सुतकात कोणाला होणार? हरवलेल्या पुस्तिकेची दुय्यम प्रत मिळते खरी, पण ती मागण्याचा अधिकार नोंदणीकृत मालकाचा.

हा प्रश्न केवळ हौशी श्रीमंतांचा मानणे चूक ठरेल. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, मग गाडी मधल्या काळात कितीही जणांनी विकलेली असो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणजे पूर्वी विकून टाकलेल्या गाडीचे ओझे विकणाऱ्याच्या डोक्यावर कायम, आणि ती सांभाळणारा मात्र कायद्याच्या दृष्टीने कोणीच नाही! अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले, की वस्तूच्या दर्जाविषयी ग्राहकाला खात्री नसेल तर चांगल्या मालालाही हलका भाव येतो. मालकीच्या संशयालाही हेच लागू पडते. कागद नसलेली उत्तम गाडी अखेर भंगारवाल्याकडे वजनावर जाते.

यावर आक्षेप असा, की सवलत दिल्यास चोरीच्या व जकात चुकविलेल्या गाड्या उजळ माथ्याने फिरू लागतील. आक्षेप बिनबुडाचा नाही. म्हणून परदेशी बनावटीच्या गाड्यांना आयातपत्राची अट कडकपणे लागू राहावी. परंतु कुर्ला, उत्तरपारा किंवा मद्रास येथे तयार झालेल्या गाडीच्या बाबतीत जकातीचा प्रश्नच उद्भवत नाही. उरतो तो चोरीचा. चॅसिस व इंजिन क्रमांकांची पोलिसांकडील नोंदींशी पडताळणी, वृत्तपत्रातून जाहीर सूचना, हरकतींसाठी ठरावीक मुदत आणि ताबेदाराचे हमीपत्र, एवढ्यावर दहा वर्षांची सशर्त नोंदणी द्यावयास प्रत्यवाय नसावा. कोणी हक्कदार पुढे आल्यास ती रद्द करता येईल.

शुल्काचाही फेरविचार हवा. संस्थानिकाची रोल्स-रॉइस आणि कारकुनाची लॅम्ब्रेटा यांना वीस हजारांचा एकच दर लावणे कोणत्याही करतत्त्वात बसत नाही.

सत्तरीच्या दशकातील फियाट व अ‍ॅम्बॅसडर आता वर्षागणिक पन्नाशी ओलांडीत आहेत. त्या घेणारी, विकणारी आणि साक्षीला सही करणारी पिढी मात्र निघून चालली आहे. केंद्राने नियम बदलण्याची वाट न पाहता राज्य सरकारने परिवहन कार्यालयांतील जुन्या हस्तलिखित नोंदवह्या जेथे शाबूत असतील तेथे त्यांची सूची तयार करण्याचे काम तरी ताबडतोब हाती घ्यावे.