पुसण्याआधी धुवा



एरवी मी इथे पापड, उपवास आणि पर्वाच्या तयारीबद्दल लिहिते. आज गाडीबद्दल लिहिणार आहे. हसू नका. आमच्याकडे गाडी चालवतात हे, पण धुते मी. त्यामुळे या विषयावर माझं एक ठाम मत झालं आहे: गाडीचा रंग आपण न पुसून घालवत नाही, रोज पुसून घालवतो.

हे मला उशिरा कळलं. गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती. रंग गडद निळा, ह्यांच्या आवडीचा. दिवाळीनंतर एकदा पेट्रोल पंपावर उभे होतो. ऊन थेट बॉनेटवर पडलं होतं आणि त्या उन्हात अख्ख्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसले. सावलीत कधी दिसलेच नव्हते. ह्यांचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी पालघरला एका दुकानात गाडी दाखवली. आधी मशीनने पॉलिश, मग कोटिंग, मिळून २५,००० रुपये, असं त्याने सांगितलं. मी विचारलं, "पण हे ओरखडे आले कुठून?" तो म्हणाला, "ताई, रोज सकाळी कोरडं फडकं मारत असाल ना?"

मारत होतो. म्हणजे सोसायटीतला मुलगा मारत होता. एक बादली, एक फडकं आणि बारा गाड्या.

घरी येऊन मी हा विषय नीट समजून घेतला. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. रंगाच्या सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, तो ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. चमक त्याची आणि उन्हापासून खालच्या रंगाचं रक्षणही तोच करतो. मशीनने पॉलिश करणं म्हणजे वरून चमक लावणं नव्हे. ओरखडा दिसेनासा व्हावा म्हणून आजूबाजूचा थरच थोडा घासून खाली आणायचा असतो. दर दिवाळीला असं घासत राहिलं तर काही वर्षांत घासायला थर उरत नाही. मग छपरावर पांढरे चट्टे पडतात आणि पापुद्रे सुटतात. तिथे कुठलंच पॉलिश चालत नाही, नवीन रंगच द्यावा लागतो.

आता आपल्या भागाचा विचार करा. पश्चिमेला चिंचणी, नांदगावचा समुद्र, त्याची खारी हवा. पूर्वेला चिल्हार फाट्यापर्यंतचा रस्ता, ट्रकची वर्दळ आणि उडणारी माती. मध्ये तारापूरची एमआयडीसी. सकाळी गाडीवर जो करडा थर दिसतो त्यात माती, मीठ, काजळी सगळंच असतं. मातीत वाळूचे बारीक कण असतात. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे रंगावर पॉलिशपेपर फिरवणंच. आपण नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी लावत नाही, चांदीच्या ताटाला राखेने खसाखसा घासत नाही. मग गाडीनेच काय पाप केलंय?

सांगलीची माझी आज्जी पाणी गाळायचं गळणं रोज धुऊन वाळत घालायची. म्हणायची, "गळणंच मळकं असेल तर पाणी गाळून काय उपयोग?" फडक्याचंही तसंच आहे.

माझी पद्धत सांगते. खर्चिक नाही. ऊन चढायच्या आत, गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना सुरुवात करायची. आधी हात न लावता वरून खाली मगाने पाणी ओतायचं. माती पाण्याने सुटली पाहिजे, फडक्याने नव्हे. मग दोन बादल्या: एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. दुसरीच्या तळाशी मी जुनी प्लास्टिकची चाळण पालथी ठेवते, म्हणजे बसलेली वाळू पुन्हा वर येत नाही. मायक्रोफायबरचं फडकं शॅम्पूत बुडवायचं, छपरापासून सुरुवात करायची, थोडा भाग झाला की साध्या पाण्यात खळबळायचं, मग पुन्हा शॅम्पूत. दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी आणि चाकांना वेगळं फडकं. कपड्यांचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका, ते मेणाचा संरक्षक थर धुऊन नेतं. शेवटी लगेच कोरडं करायचं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, थेंब उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. म्हणूनच "पाऊस पडला, गाडी धुतली गेली" हेही खरं नाही.

पाणी जपून वापरावं असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मी पाइप लावत नाही, दोन बादल्या आणि वर ओतायला एक, एवढ्यात काम होतं. पण पहिलं पाणी वाचवायला जाऊ नका. ते वाचवलं की रंग जातो, आणि रंग गेला की पुढे रसायनं, मशीन आणि नवा रंग लागतो. ती काटकसर नव्हे.

पक्ष्यांच्या शिटेला मात्र उशीर चालत नाही. तिच्यातलं आम्ल उन्हात तापलेल्या थरात उतरतं आणि डाग कायमचा बसतो. गाडीत पाण्याची बाटली आणि एक फडकं ठेवा. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, मग अलगद उचलायचं. खरवडायचं नाही. पावसाळ्यात हायवेवरून रात्री आलं की बंपरवर चिकटलेल्या किड्यांनाही हाच उपाय. ते पुसताना माझा हात जड होतो, खोटं कशाला सांगू. चातुर्मासात रात्रीचा प्रवास टाळता आला तर टाळावा, हे आपल्या मोठ्यांचं सांगणं मला बंपर पुसताना जास्त पटतं. नाहीच टळला तर क्षमा मागते आणि पुसते.

आता वरच्या थराचं रक्षण. वर्षातून दोनदा मी मेण लावते, एकदा पावसाआधी मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. इथे आपल्याला डबा वाचून घ्यावा लागतो. गाडीच्या मेणात पुष्कळदा मधमाशांचं मेण मिसळलेलं असतं. कार्नोबा नावाचं मेण ब्राझीलमधल्या ताडजातीच्या एका झाडाच्या पानांवरून मिळतं, ते चालतं. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सिंथेटिक सीलंट घ्या, ते टिकतंही जास्त. गाडी पुसायला अस्सल शॅमॉय म्हणून जे कातडं मिळतं ते मेंढी-बकरीचं असतं. ते आमच्या घरात येत नाही आणि मायक्रोफायबरसमोर त्याची गरजही नाही. मेण अगदी पातळ लावायचं, धूसर झालं की स्वच्छ फडक्याने काढायचं. पाण्याचे थेंब पत्र्यावर मोत्यासारखे उभे राहतात तोवर थर शाबूत. पाणी पसरायला लागलं की पुन्हा लावायची वेळ झाली.

मग ते २५,००० चं कोटिंग? करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ते वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यावरही कोरडं फडकंच मारणार असाल तर पैसे पाण्यात. आमच्या बॉनेटवरचं जाळं आम्ही तसंच ठेवलं आहे. उन्हात दिसतं. दोन वर्षांत वाढलेलं मात्र नाही, मला तेवढं पुरे.

खरी अडचण गाडीची नव्हतीच. रोजचं पुसणं बंद करायचं म्हणजे त्या मुलाचे महिन्याचे पैसे बंद. ह्यांचं म्हणणं, त्याला सांगून टाक, उद्यापासून नको. मला ते बरं वाटेना. फडकं त्याचं मळकं होतं, पण रोज पुसलेली गाडी आम्हालाच हवी होती. बारा गाड्यांना बारा बादल्या पाणी त्याला कोण देणार होतं? शेवटी पैसे तेवढेच ठेवले आणि काम बदललं. आठवड्यातून दोनदा तो आमच्या बादल्या, आमची फडकी घेऊन आमची गाडी धुतो, बाकी दिवशी हात लावत नाही. पहिल्या महिन्यात शेजाऱ्यांनी विचारलं, "तुमची गाडी आज धुळकट कशी?" आता त्यांच्यापैकी चौघांनी तसंच सुरू केलं आहे.

शेवटचं एक, आणि हे नुसतं गाडीचं नाही. बादलीतलं पाणी ओतताना मी नेहमी बघते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या १०० औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचं मोजमाप केलं, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं होतं. हा पहिला नंबर मिरवण्यासारखा नाही. आमचं घर तिथल्याच पगारावर चालतं, त्यामुळे कारखान्यांना शिव्या देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. पण गाडीवर एका रात्रीत जे बसतं, ते त्याच रात्री उघड्या खिडकीतून घरातही येतं. गाडीला मेण लावता येतं, झोपलेल्या पोराच्या छातीला लावता येत नाही. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगच्या पट्ट्यांवर आम्ही तासभर भांडतो. रात्री वास सुटला की तक्रार करायची वेळ येते, तेव्हा सही करायला तिघंजण असतात. पुढच्या बैठकीत मी तो बादलीतला गाळ एका काचेच्या बरणीत भरून नेणार आहे. टेबलावर ठेवीन आणि मग सह्यांचा कागद फिरवीन.

जय जिनेंद्र.