पलंगावरचा काउबॉय

परवा फोनवर दादाशी पुन्हा तोच वाद. त्याच्या मते 'मिस्टर ब्ल्यूबेरी' रटाळ. हीरोच गोळ्या खाऊन पलंगावर पडलेला, ही कसली काउबॉयची गोष्ट?

त्याचंही अगदीच चूक नाही म्हणा. ब्ल्यूबेरी ही फ्रेंच चित्रमालिका १९६३ साली 'पिलोत' साप्ताहिकात सुरू झाली. लेखक शार्लिए, चित्रकार झां जिरो (विज्ञानकथांमधला 'मोबियस' तो हाच). शार्लिएची गोष्ट सुसाट. चौकटी संवादांनी खच्चून भरलेल्या, एक संकट टळेतो दुसरं हजर. १९८९ मध्ये शार्लिए गेला. पुढे १९९५ ते २००५ या काळात जिरोने टूम्बस्टोन गावावरची पाच पुस्तकं एकट्याने लिहिली आणि काढली. ओके कॉरलची चकमक जवळ येतेय आणि ब्ल्यूबेरी पडल्या पडल्या जेरोनिमोच्या जुन्या आठवणी सांगतोय!

पहिल्यांदा मीही भराभर पानं उलटली होती. मग गेल्या पावसाळ्यात पाय मोडला. दीड महिना पलंगावर. खालच्या रस्त्यावर सगळं चालूच, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. तेव्हा ही पुस्तकं पुन्हा काढली आणि चित्रं पहिल्यांदा नीट पाहिली. गर्दीतल्या माणसांचे चेहरे, धूळ, खोलीतला उजेड. कथा थांबलेली नाहीच, फक्त नायकाला सोडून पुढे गेलीय. तो संथपणा मला तरी खरा वाटला.

पात्रांची गर्दी जरा जास्तच झालीय, हे मान्य. पण दादा, पाय मोडायची वाट न बघता एकदा सावकाश वाच. मग भांडू.