मन मराठी, मापे परकी!

कर्वेनगर हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली हिंगण्याच्या याच भूमीत महिला विद्यापीठाचा पाया घातला. उच्च शिक्षण मातृभाषेतून, हा त्या विद्यापीठाचा बाणा होता. शतक उलटून गेले. पण मनाच्या दुखण्यावर इलाज करणारा तज्ज्ञ घडविताना आपण तो बाणा सोयीस्करपणे विसरलो आहोत.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी एम.ए.नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा एम.फिल., तोही प्रत्यक्ष रुग्णसेवेसह, ही रूढ वाट. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही ती मान्य केली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढ मनोविकाराने ग्रस्त आढळले होते. असे असता विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली आणि जानेवारी २०२४ मध्ये या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली! आधी वाट बंद करायची, मग ठिगळ लावायचे, याला धोरण म्हणत नाहीत.

त्याहून गंभीर प्रश्न आशयाचा आहे. प्रशिक्षण इंग्रजीत, ग्रंथ परदेशी. रुग्ण मात्र ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’ असेच सांगणार. विज्ञानाला भाषा नसते, असा युक्तिवाद केला जातो. तापमापकाला ती नसेलही; मानसोपचाराचे तर संवाद हेच शस्त्र आणि हेच औषध!

हे अशक्य आहे काय? डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ सालीच बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी घडविली. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये याच पुण्यात ज्ञान प्रबोधिनी उभी करून मानसशास्त्राला राष्ट्रकार्याशी जोडले. चरकसंहितेने तर सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितापासून आवरणे, ही चिकित्सेची स्वतंत्र शाखाच मानली. पाश्चात्त्य ज्ञान त्याज्य नाही. त्याची आंधळी नक्कल त्याज्य आहे.

एम.फिल.च्या जागी येणाऱ्या अभ्यासक्रमांत मराठीतून रुग्णसंवादाचे प्रशिक्षण, मराठी समाजावर प्रमाणित केलेल्या चाचण्या आणि भारतीय मनोविचार यांना अनिवार्य स्थान हवे. पदवीचे नाव बदलून दृष्टी मेकॉलेचीच राहणार असेल, तर महर्षींच्या नावाने वसलेल्या नगरातील दुखावलेले मनही उपचाराच्या दारात परकेच ठरेल. हे समाजाने चालवून घेऊ नये!